तीन हजार नऊशे मीटर

३ मार्च, मंगळवार

बरणी ११८७ उघडली. झाकणाचा रबर कडक झाला होता, अल्कोहोल दोन बोटं उतरलं होतं. सातही जणी ठीक आहेत.

‘सातजणी’ हे नाव फोटोवाल्याचं. आमच्या संग्रहात नमुन्यांचे फोटो काढणारा तो एकटाच, आणि दिसेल त्याला नाव ठेवल्याशिवाय त्याचा दिवस जात नाही. मला तो ‘काटा’ म्हणतो. तराजूचा, घड्याळाचा की माशाचा, ते मी विचारलेलं नाही.

दोन वर्षं या शेवंडी हाताळतेय आणि त्यांच्याविषयी इथं एक ओळ लिहिलेली नाही. आज लिहिते. खोल समुद्राच्या तळावरच्या. तळहाताएवढ्या. बाजारातल्या शेवंडीची पाठ गोल असते. हिची चपटी, कडेला करवतीसारखे दाते. पुढच्या दोन नांग्या लांब आणि इतक्या बारीक, की चिमट्यानं उचलताना मी श्वास रोखते. आणि नांग्या दोनच नाहीत — पायांच्या पहिल्या चार जोड्यांना आहेत! आठ हातांत आठ चिमटे घेऊन बसलेली कारागीर. डोळे नाहीत. म्हणजे जागा आहे: कवचाच्या पुढच्या कडेला दोन खाचा, आणि त्यात न हलणारे दोन खुंट. यांच्या पूर्वजांना डोळे होते, दगडांत त्यांचे ठसे सापडतात. मग पिढ्या खोल खोल गेल्या. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं म्हणून डोळे गेले, असं फोटोवाला म्हणतो. मी म्हणेन, तिथं बघून काही कळण्यासारखं नव्हतं. फरक आहे.

सातवीला डावी नांगी नाही. जाळ्यात तुटली की आधीच, कोण सांगणार.

लेबलावर खोली ३९०० मी. या जातीची इतक्या खोलवरची दुसरी नोंद कुठेही नाही. संग्रहाच्या प्रमुख म्हणजे बाई — त्यांचा गेल्या वर्षीचा लेख या एका आकड्यावर उभा आहे. येणाऱ्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरणही. आणि सहा आठवड्यांनी त्याच जागी बोटीवरून कॅमेरा खाली जाणार आहे, जिवंत शेवंड बघायला. चाळीस वर्षं बाईंनी अशा शेवंडी मेलेल्याच पाहिल्या आहेत.

५ मार्च, गुरुवार

फोटोवाल्याला बाईंनी फैलावर घेतलं. फोटोत गिचमिड दिसते म्हणून त्यानं बरणी ८८ मधलं एक जुनं लेबल बाहेर काढून ठेवलं होतं.

“अहो पण ते चुकीचंच आहे ना!”

“चुकीचं आहे म्हणूनच राहू दे. आधीचा कुठं पडला ते दिसलं नाही, तर पुढचा तिथंच पडतो.”

आमच्याकडे हा नियम आहे. लेबल पेन्सिलनं लिहायचं, बरणीच्या आत ठेवायचं, आणि एकदा आत गेलेलं लेबल कधीही काढायचं नाही. चूक सापडली तर नवं लिहून पुढ्यात ठेवायचं. ८८ मध्ये पाच लेबलं आहेत. पाच माणसं, पाच हस्ताक्षरं, शंभर वर्षं चाललेलं भांडण.

माझ्या अक्षरातलं चुकलेलं लेबल संग्रहात एकही नाही. (मोजलंय.)

९ मार्च, सोमवार

विंचकाका आले होते. तीस वर्षांपूर्वी ज्या बोटीनं सातजणींना वर काढलं, तिच्यावर ते विंच चालवायचे — जाळ्याची पोलादी तार सोडणारं, गुंडाळणारं यंत्र. आता गुडघे गेलेत. तरी महिन्यातून एकदा येतात, चहा घेतात, “काय गं पोरींनो, बऱ्या आहात ना?” असं बरण्यांना विचारून जातात.

दारामागे बाईंच्या लेखाचा मोठा छापील तक्ता आहे. तो वर्षभर तिथंच आहे. काकांनी आज चष्मा आणला होता.

“हे तीन हजार नऊशे काय?”

“खोली, काका. सातजणी सापडल्या ती.”

“कोण म्हणतं?”

“नोंदवहीत आहे.”

हसले. हसता हसता खोकला लागला. “अगं बये, आमच्या ड्रमवर तारच होती पंचेचाळीसशे मीटर! जाळं काय दगडासारखं सरळ खाली जातं? बोट चालत असते, तार तिरकी पडते. खोलीच्या दुप्पट तार धर, फार तर थोडी कमी. तीन हजार नऊशेवर जाळं टेकवायला सात हजार मीटर लागली असती. वरची काय मी घरून आणली होती, कपडे वाळत घालायची?”

फोटोवाला पोट धरून हसला. मीही हसले.

ते गेल्यावर कप विसळले. विसळलेले कप पुन्हा विसळले.

१० मार्च, मंगळवार

सापडलं. पान ३१. चूक माझी.

दुपारी.

नीट लिहिते. त्या बोटीच्या नोंदवहीत प्रत्येक जाळ्यासमोर दोन आकडे आहेत: आधी खोली, मग सोडलेली तार. नोकरीच्या पहिल्या महिन्यात ती सगळी वही मी संगणकात उतरवली. सहाशे बारा नोंदी. पान ३१ वेगळ्या कागदावर आहे. त्या दिवशी छापील पानं संपली असावीत, म्हणून विंचखोलीतला कागद घेतला. विंचखोलीला तारेची काळजी, त्यामुळे तिथं तार आधी, खोली नंतर. वर मथळ्यात तसं लिहिलंयसुद्धा. मी मथळा वाचला नाही. तीस पानं वाचला, एकतिसाव्याला गृहीत धरला.

तार ३९००. खोली २१४०.

त्या पानावर पाच नोंदी. चार जाळी रिकामी. पाचवं सातजणींचं.

बरणीतलं जुनं लेबल फक्त जाळ्याचा क्रमांक सांगतं. खोलीचं लेबल मी लिहिलं. म्हणजे माझ्या अक्षरातलं चुकलेलं लेबल आहे. एक.

सगळ्यांत वाईट हे, की बाईंना खटकलं होतं. नकाशावर ती जागा समुद्रातल्या उताराच्या मधोमध येते, पायथ्याशी नाही. तिथं ३९०० असूच शकत नाही. मी समोर होते. त्या म्हणाल्या, “त्या काळी बोटीची जागा दोन-चार मैल इकडेतिकडे व्हायचीच. आकडा तू उतरवलायस ना? मग आकडा बरोबर, नकाशा चुकला.” आणि कॅमेऱ्यासाठी पायथ्याची जागा मागितली.

नकाशावर अविश्वास दाखवला त्यांनी. माझ्यावर नाही.

११ मार्च

बोलले नाही.

१२ मार्च

बोलले नाही. बाई दिवसभर जागेवर होत्या. सबबही नाही.

१३ मार्च, शुक्रवार

बाईंनी शेवटच्या प्रकरणाची पानं माझ्या टेबलावर ठेवली. “आकडे तेवढे बघून घे. तुझ्या नजरेखालून गेलं की मी डोळे मिटून सही करते.”

मग दुसरा कागद दाखवला. जूनमध्ये त्या निवृत्त होणार. संग्रहाच्या किल्ल्या माझ्याकडे द्याव्यात, असं वरच्या कचेरीला पत्र. सही झालेली, पाठवायचं बाकी. वाक्य पाठ झालंय: ‘हिच्या हातून आलेला आकडा पुन्हा तपासावा लागत नाही.’

मी म्हटलं, “सोमवारपर्यंत बघून देते.” हे एवढंच म्हटलं!

१५ मार्च, रविवार

आई कुणाच्या तरी कोटाची बाही उसवत होती. संबंध बाही. मला त्यात काही चुकलेलं दिसेना.

“दिसत तर नाही काही.”

“दिसत नाहीच. घालणारा हात वर करेल तेव्हा काखेत ओढेल, आणि मला शिव्या घालेल.” दोरा दातांनी तोडला. “इस्त्री फिरायच्या आत उसवलेलं बरं असतं. एकदा इस्त्री बसली की टाके निघाले तरी भोकं राहतात. तुझं काय बिनसलंय?”

“काही नाही.”

“बरं. शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी घरभर फिरतेयस, म्हणून विचारलं.”

१६ मार्च, सोमवार

सांगितलं. सव्वादहा वाजता, उभ्यानं. पान ३१ सोबत नेलं होतं.

बाईंनी मथळा बोट ठेवून वाचला. मग नकाशा काढला, त्या जागेवर पेन्सिल टेकवली, पुन्हा पान वाचलं. खिडकीखालून एक ट्रक गेला, बरण्या किणकिणल्या.

“कधी कळलं?”

“दहा तारखेला. शंका नऊला.”

“आज सोळा.”

“हो.”

“शुक्रवारी मी ही पानं तुझ्यासमोर ठेवली. तेव्हा तुला माहीत होतं.”

“हो.”

“दोन वर्षांपूर्वीची चूक — असू दे. पहिला महिना, सहाशे नोंदी; आणि नकाशा ओरडून सांगत होता तेव्हा मी कान बंद केले. ती आपली दोघींची. पण हे मधले सहा दिवस? हे कुणाचे?”

उत्तर मला माहीत होतं.

त्यांनी किल्ल्यांचं पत्र उचललं, ड्रॉवरमध्ये ठेवलं, ड्रॉवर लावला. फाडलं नाही. पाठवलंही नाही. फाडलं असतं तर बरं झालं असतं.

१७ मार्च, मंगळवार

लेख छापणाऱ्यांना बाईंनी चूक कळवली. चार ओळी. माझा उल्लेख नाही. मी म्हटलं, असायला हवा.

“लेखावर नाव माझं, तर चूक माझी. कुणी उतरवलं ते कुणी विचारलेलं नाही. तुला मिरवायचंच असेल तर बरणीत मिरव.”

बरणीत मिरवलं. नवं लेबल लिहिलं: ‘खोली २१४० मी. आधीची ३९०० ही नोंद चूक; तारेची लांबी खोली म्हणून उतरवली.’ खाली सही, तारीख. जुन्याच्या पुढ्यात ठेवलं. दोन्ही माझ्याच अक्षरात. पन्नास वर्षांनी कुणीतरी चिमटा घालेल आणि वाचेल.

फोटोवाला डोकावला. “बरणी ८८ मध्ये भांडायला पाच जण लागले. तू एकटीनंच दोन्ही बाजू सांभाळल्यास की!” मग माझा कप विसळून ठेवला. त्यानं आजवर स्वतःचाही विसळलेला नाही.

२३ मार्च, सोमवार

जागा बदलायला नकार आला. बोट दुसऱ्यांच्या कामासाठी उताराच्या पायथ्याशी उभी राहणार आहे. त्यातला एक दिवस आम्हाला उसना मिळालाय. पायथा किंवा काहीच नाही. म्हणजे जिथं शेवंडी असल्याचा कसलाही पुरावा नाही, तिथं बाईंचा चाळीस वर्षांतला पहिला आणि शेवटचा कॅमेरा जाणार. माझ्यामुळे.

“जायचं,” बाई म्हणाल्या. “रिकामा चिखलही कुणी पाहिलेला नाही.” बोटीवर दोघांना जागा. फोटोवाल्याचं नाव खोडून माझं घातलं. “पडद्यासमोर तू बसायचंस. मिनिटामिनिटाला नोंद.”

शिक्षा आहे की काय, कळत नाही. फोटोवाला म्हणतो, “शिक्षाच आहे, पण मला का?”

२६ मार्च, गुरुवार

हल्ली मी एखादा आकडा वाचून दाखवला की बाई उठून येतात, चष्मा वर करतात, स्वतः बघतात. मग लिहितात. दिवसाला वीस-पंचवीस आकडे होतात. गुडघे त्यांचेही दुखतात.

२ एप्रिल, गुरुवार

शेल्फाच्या खालच्या कप्प्यातून पिल्लाची कुपी काढली. दोन वर्षांत कधी पाहिली नव्हती. बोराएवढी, गोल, अल्कोहोलमध्ये दुधाळलेली. जिवंतपणी काचेसारखी आरपार असते. अंगभर काटे. फुगवलेला फुगा, आणि त्याला चिमुकले पाय! ही चपट्या, चिखलात दडणाऱ्या शेवंडीची लेक असेल, असं सांगूनही कुणाला पटू नये. पटलंच नव्हतं. जुन्या लोकांनी हिला वेगळा प्राणी समजून वेगळं नाव दिलं, आणि ते कितीतरी वर्षं चाललं. मधल्या पाण्यात तरंगत असते. एक दिवस तळाला टेकते आणि दुसरीच होते.

कुपीत तीन लेबलं. पहिल्यावर ते चुकीचं नाव, इतक्या सुबक अक्षरात, की लिहिणाऱ्याला कणभरही शंका नव्हती हे दिसतं. बराच वेळ ते अक्षर बघत बसले. या माणसाचा मला राग येत नाही. त्यानं पाहिलं ते नीटच पाहिलं होतं.

१४ एप्रिल, मंगळवार. बोट.

दोनदा उलटी. बाईंना काही होत नाही.

कॅमेरा एका लोखंडी चौकटीत बसवलाय: दिवे, दोन पंखे, मागे जाडजूड केबल. खलाशी तिला ‘गोगलगाय’ म्हणतात. खाली जाताना थर्मोकोलचा एकेक कप तिला बांधायची यांची रीत आहे. आपलं नाव लिहायचं. वर येतो तेव्हा पाण्याच्या दाबानं तो बोटाच्या टोपीएवढा झालेला असतो. फोटोवाल्यानं माझ्या बॅगेत एक कप टाकला होता, वर ‘काटा’. बांधला.

विंचकाकांचा निरोप: “खाली कुणी भेटलं तर मी विचारलंय म्हणून सांग.”

१६ एप्रिल, गुरुवार

सकाळी सातला सोडली. दोनशे मीटरला निळं गेलं. त्यानंतर फक्त आमच्या दिव्यांचा उजेड, आणि त्यात पांढरा भुगा, वरून खाली, संथ. वर मेलेल्या सगळ्याचा चुरा आहे तो — कवचं, विष्ठा, तुकडे. खाली राहणाऱ्यांचं जेवण हेच. कुणी पाठवत नाही, कुणी मागत नाही. पडत राहतं.

नऊ वाजता तळ. पाणी दोन अंश. खोली पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दिसते. गोगलगाय पाण्याचा दाब मोजून ती स्वतः सांगते. मी मोठ्यानं वाचली. बाई उठल्या, पडद्याजवळ आल्या, कोपरा बघितला. मग लिहिलं.

आता दहा मिनिटांची सुट्टी आहे, दुसरा माणूस बसलाय, म्हणून हे लिहितेय. साडेबारा झालेत. रकान्याचं नाव ‘शेवंड’. दोनशे दहा मिनिटं, दोनशे दहा वेळा ‘नाही’.

पण इथं काही नाही असं मी म्हणणार नाही. चिखल पाहिला! फिकट, सपाट, पिठासारखा. एक सेंटीमीटर साचायला हजारेक वर्षं लागतात, आणि त्यावर आमच्या चौकटीचा ठसा उमटताना मला चप्पल घालून कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरल्यासारखं झालं. एक जांभळी समुद्रकाकडी मागे लांबच लांब रेघ ओढत गेली, तासाभरात हातभर. ती रेघ किती वर्षं राहील? पाच बारीक हातांची एक तारकाही पाहिली, दिवा पडताच थबकली. इतके आठवडे याला शिक्षा समजत होते मी. बाईंच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. हनुवटी हातावर, तोंड किंचित उघडं. शाळेच्या पहिल्या बाकावरची मुलगी.

पाठ भरून आली म्हणाल्या. “मी पडते जरा. तू बस.” दारात थांबल्या. “सगळं तुझ्या नजरेवर सोडून जातेय.”

१६ एप्रिल, पावणेदोन

तास पाचवा, मिनिट अकरावं. चिखलाचा एक तुकडा उठला आणि चालू लागला.

मग शेजारचा. मग मागचे. पाठीवरची भुकटी सांडत, लांब बारीक नांग्या पुढे धरून, दिव्याकडे ढुंकूनही न बघता! सहा. सातजणींच्या जातीच्या नाहीत: यांच्या पाठीच्या मध्यावर काट्यांची रांग आहे. आमच्या एकाही बरणीत अशी शेवंड नाही. आणि माझ्या चुकलेल्या आकड्याशिवाय इथं कॅमेरा सोडायला दुसरं काही कारणही नव्हतं.

हाक मारली. बाई अनवाणीच आल्या. माझ्याशेजारच्या खुर्चीत बसल्या. किती वेळ ते लिहिलेलं नाही. तेवढी एक नोंद राहिली. मग बाईंनी खिशातून पेन्सिल आणि कोरं लेबल काढलं.

“खोली?”

“तीन हजार आठशे चौऱ्याहत्तर.”

उठल्या नाहीत. कोपऱ्याकडे पाहिलंही नाही. लिहिलं.